दाराकडे तोंड

आमच्या घराच्या मागच्या दारापासून जुन्या संडासापर्यंत बत्तीस पायऱ्या. निंग पोटात होती त्या शेवटच्या महिन्यात मी प्रत्येक पायरीवर थांबून दम खाल्लेला आहे, त्यामुळे आकडा पक्का. डोंगराचे ओबडधोबड दगड, वर शेवाळ. तळाला डुकरांचं खोपट, त्याला लागून दोन सपाट दगड आणि तिन्ही बाजूंनी कमरेएवढी भिंत. चौथी बाजू वाटेची, उघडी. तिथं दार कधीच नव्हतं. दाराचं काम खोकल्यावर चालायचं. वाटेकडे तोंड करून बसायचं, कुणाची पावलं वाजली की खोकायचं. येणारा तिकडून खोकून उत्तर देतो आणि माघारी वळतो. शेजारच्या दोन घरांचीही तीच जागा, त्यामुळे कुणाचा खोकला कुणाचा हे मला लग्नानंतर महिन्याभरात पाठ झालं होतं.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी सासूबाई एकोणिसाव्या पायरीवरून घसरल्या. सहा आठवडे बिछान्यात. उठल्या तेव्हा उजवा गुडघा अर्धाच वाकायला लागला होता. काठी टेकत, खेकड्यासारख्या आडव्या आडव्या उतरायच्या, आणि मी हात धरायला गेले की म्हणायच्या, "सोड गं, तूच पडशील आणि मला घेऊन जाशील."

त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त दुपारनंतर चहा प्यायचा सोडला. भर दुपारी मक्याची कणसं सोलत बसल्या तरी पेला पालथाच. मी विचारलं, तर म्हणाल्या, "तहान नाही." एवढ्या उकाड्यात तहान नाही! ओठ सुकून भेगाळलेले मला दिसत होते. पाणी प्यायचं नाही म्हणजे उतरायला लागायचं नाही, असा साधा हिशेब होता तो.

म्हणून तालुक्याच्या आरोग्य केंद्राचे लान साहेब नवीन संडासाचे नकाशे घेऊन गावात आले आणि "पहिलं घर कुणाचं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी हात वर केला. निंग पाठीला बांधलेली होती, तिनंही केला.

पाण्याशिवायचा संडास. आमच्या डोंगरात पाणी टिकतच नाही, पडलं की दगडाच्या पोटात उतरतं. पिण्यापुरतं आणायलाच अर्ध्या तासाची चाल. तेव्हा भसाभस पाणी ओतायचा प्रश्नच नव्हता. साहेबांनी आणलेल्या भांड्याला दोन तोंडं होती. पुढच्या पसरट वाडग्यातून लघवी नळीवाटे बाहेरच्या रांजणात. मागच्या भोकातून बाकीचं खालच्या कोरड्या कप्प्यात, आणि त्यावर प्रत्येक वेळी वाटीभर राख. "एकीचं वेगळं, दुकीचं वेगळं," साहेब म्हणाले. "दोन्ही मिसळलं नाही तर वास नाही, माशी नाही. सहा महिन्यांनी कप्प्यातून भुसभुशीत सोनखत. आणि हे सगळं घराच्या आत, स्वयंपाकघराच्या मागे!"

घराच्या आत म्हणताच सासूबाईंनी काठी आपटली.

"घरात? पूर्वजांच्या नावांच्या पाटीच्या मागच्या भिंतीला?"

"मध्ये स्वयंपाकघर आहे की, आई," मी म्हटलं.

"उद्या माझीही पाटी तिथंच लागायची आहे, निंगच्या आई. मग काय मी जन्मभर पाठीमागून वास घेत बसू?"

"मेल्यावर जन्मभर कसं हो, आजी?" शेजारची कोणीतरी खिदळली.

"तू गप्प. तुझी सासू तर आधीच बसली आहे पाटीवर, विचार तिला."

माझा नवरा दूर फोशान शहरात, फरशीच्या कारखान्यात. दुकानातल्या फोनवर मी त्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "आईला पटव, मग माझ्याकडून हो." म्हणजे नेहमीसारखं माझ्यावरच.

शेवटी सासूबाईंनी मुदत घातली. "पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, सणाला, सगळे पानात बांधलेले झोंग खायला येतील. पूर्वजांपुढे पानं वाढताना मला उदबत्तीखेरीज दुसरा कसलाही वास आला, तर हातोडा घेऊन मी स्वतः फोडीन ते, आणि तिथं तांदळाचा रांजण ठेवीन. तोवर तू खेळ. मी काही त्यात पाऊल टाकायची नाही."

"बरं," मी म्हटलं. चार महिने होते. तेवढ्यात त्यांचं मन वळेल असं मला वाटत होतं.

नव्या वर्षाचे फटाके झाले आणि गवंडीकाका कामाला लागले. नकाशात काढलं होतं अगदी तसंच त्यांनी भांडं बसवलं: वाडगा आतल्या भिंतीकडे, भोक दाराकडे. बसणाऱ्यानं भिंतीकडे तोंड करायचं.

"शहरात असंच असतं," लान साहेब म्हणाले.

"शहरातली माणसं भिंतीत काय बघतात?" गवंडीकाकांनी विचारलं, पण सिमेंट साहेबांचं होतं, मग त्यांनी वाद घातला नाही. नीट दार लावलं, कडी लावली. मी राखेचा डबा आणि भोपळ्याची वाटी कोपऱ्यात ठेवली आणि निंगला दाखवलं, "बघ, आपला राजवाडा." निंगनं वाडग्यात तिची लाकडी होडी सोडली.

तीन आठवडे सगळं झकास. मग एका सकाळी वास आला. अगदी अंधूक, मेलेल्या उंदरासारखा. सासूबाईंनी पूर्वजांपुढे एकाऐवजी तीन उदबत्त्या लावल्या. त्याचा अर्थ मला समजला.

मी घरामागे जाऊन कप्प्याचं झाकण उघडलं. आत कोरडी राख हवी होती, तिथं पेज झाली होती. उलट लघवीचा रांजण जेवढा भरायला हवा त्याच्या निम्माच. म्हणजे जे रांजणात जायचं ते कप्प्यात पडत होतं. पण कोणाकडून? वापरणारी मी एकटी. निंगचं अजून तिच्या मडक्यात, आणि ते मी स्वतः वाडग्यात रिकामं करते.

दुकानातून साहेबांना फोन लावला.

"राख जास्त टाका, ताई."

"टाकतेच आहे. चूल दोनदा खरवडली."

"मग बसण्यात चूक होत असेल."

"साहेब, मला बसायला येतं."

मग ते म्हणाले, "बघू," आणि फोन ठेवला.

साहेबांचं भांडं अरुंद होतं हे मात्र खरं. वाडगा कसला, करवंटी. ज्यानं तो काढला तो आयुष्यात एकदाही बाईसारखा बसलेला नव्हता. पण तेवढ्यानं पेज व्हायला नको. मी स्वतःवर पाळत ठेवली. दुप्पट राख टाकली. वास वाढतच गेला. उदबत्त्या तिनाच्या पाच झाल्या.

त्यातच सासूबाईंना खोकला लागला. विचित्र खोकला. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. मी दुपारी निंगला घेऊन शेतावरून परत आले आणि अंगणात पाऊल टाकलं की आतून "खुक्, खुक्". मग जरा वेळानं सासूबाई स्वयंपाकघरातून काठी टेकत बाहेर यायच्या. मला काळजी वाटली. मी रोज आलं ठेचून, काळा गूळ घालून काढा करू लागले. त्या नाक मुरडून प्यायच्या.

"तिखट आहे."

"तिखट हवंच, आई. छाती मोकळी होईल."

"माझी छाती मोकळीच आहे."

"मग खोकता कशाला?"

यावर त्या निंगकडे वळून म्हणायच्या, "तुझी आई फार प्रश्न विचारते."

कल्पना सुचली ती निंगमुळे. तिनं चुलीपुढे सांडलेल्या राखेत हात थापला आणि पाचही बोटं उमटली. मी तशीच बसून राहिले. भांड्याभोवती राख पसरली तर कळेल की काय कुठं पडतंय. पण चुलीची राख जाडी, कोळशाचे खडे असलेली. तिच्यात नीट खूण उमटेना. घरात बारीक राख एकच होती: सासूबाईंची झोंगची राख. भाताचा पेंढा आणि निर्गुडीच्या काड्या वेगळ्या जाळून, तीनदा कापडातून गाळून, मातीच्या बरणीत तोंड बांधून ठेवलेली. पाचव्या महिन्यात तिचंच पाणी काढून त्यात चिकट तांदूळ भिजवायचा, तेव्हा झोंग मधासारखे पिवळेधमक होतात. त्या बरणीला हात लावायची माझी काय बिशाद! तरी त्या शेजारी गेलेल्या बघून मी दोन वाट्या काढल्या आणि दोरा होता तसाच गाठ मारून बांधला.

पिठासारखी राख, जवळजवळ पांढरी. चाळणीनं संडासाच्या जमिनीवर पसरली आणि शेतावर गेले. दुपारी परतले तेव्हा अंगणातच खोकला ऐकू आला. सासूबाई बाहेर आल्या, ओसरीवर बसल्या. मी निंगला कडेवर घेऊन आत गेले आणि दार उघडलं.

राखेत दोन पावलं होती. अनवाणी, छोटी. डावं पूर्ण. उजव्याची बोटं आणि चवडा होता, टाच नव्हती. टाच टेकलीच नव्हती. आणि दोन्ही पावलांची बोटं दाराकडे. दाराकडच्या भोकाच्या कडेला राख भिजून काळी झाली होती.

"आजी," निंग बोट दाखवून म्हणाली.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

मग मात्र मला खालीच बसावं लागलं. निंगला मांडीत धरून मी हसू दाबत होते, आणि ते दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं. मी शेतावर गेले की म्हातारी काठी टेकत इथं येत होती. फक्त लघवीपुरती, दुसऱ्या कामाला अजूनही सकाळी बत्तीस पायऱ्या, म्हणजे सगळ्या गावाला दिसावं की ती नव्या संडासात जात नाही. आणि साठ वर्षं वाटेकडे तोंड करून बसलेली बाई भिंतीकडे पाठ... छे, भिंतीकडे तोंड करून कशी बसेल? ती दारावर नजर ठेवून बसत होती. अंगणात माझी पावलं वाजली की सवयीनं खोकत होती. आणि मी तिला आल्याचा काढा पाजत होते!

बाहेर आले तेव्हा सासूबाईंच्या शेजारी चहाचा पेला होता. सुलटा, अर्धा रिकामा. दुपारचे दोन वाजले होते. हा पेला मी गेले कित्येक दिवस बघत होते आणि त्याचं श्रेय माझ्या काढ्याला देत होते.

आता सांगायचं कसं? "आई, तुम्ही उलट्या बसता" म्हटलं असतं, तर त्या पुन्हा कधी तिकडे फिरकल्या नसत्या. पेला पुन्हा पालथा झाला असता. आणि न सांगावं, तर सणाच्या दिवशी वास आणि हातोडा. मी सगळी संध्याकाळ भाजी चिरता चिरता यावर डोकं खाजवलं. सासूबाईंना वळवता येणार नाही हे उघड होतं. भांडं वळवता येईल.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा राख पसरली, मापं घेण्यासाठी. या खेपेला पावलं इतकी छान उमटली होती की जणू शिक्का मारलाय. दोन्ही सरळ, एकमेकांना समांतर, बोटं सुटी सुटी. नशीब चांगलं, असं म्हणत मी बांबूची कामटी घेऊन सगळं मोजलं: पावलांत किती अंतर, पावलांपासून ओली खूण किती पुढे, उजवी टाच टेकवायला खाली किती उंचवटा हवा. बोटानं नकाशा काढला, तो गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं उतरवला. निंग झोपली की मी चिकणमाती घेऊन बसायचे. कपबशीएवढं भांडं करायचं, पाणी ओतून बघायचं, मोडायचं. सात मोडली. आठव्याचा वाडगा मी माझ्या दोन्ही हातांच्या ओंजळीएवढा रुंद केला, काठ आत वळवला, उजव्या बाजूला टाचेचा उंचवटा चिकटवला, आणि वाडग्यात कसंही पाणी ओतलं तरी मागच्या भोकाकडे थेंब जाईना.

ते घेऊन मी मोंग काकांच्या भट्टीवर गेले. मोंग काका लोणच्याचे रांजण करतात; सगळ्या खोऱ्यात त्यांच्याच रांजणाला बुरशी धरत नाही.

त्यांनी छोटं भांडं उलटसुलट केलं. "हे काय? पोरीचं खेळणं?"

"संडासाचं भांडं. एवढं मोठं हवंय."

"चाळीस वर्षं मी मुळ्याची लोणची घालायचे रांजण केले, निंगच्या आई. आता म्हातारपणी हे करायला लावतेस?"

"दोन्हींत आत जे ठेवायचं ते वेगळं ठेवायचं आणि वास येऊ द्यायचा नाही. एकच तर काम."

ते हसले; पण वाडग्याकडे बघून म्हणाले, "एवढा रुंद कशाला? पुढे एवढंसं पुरेल."

आतून मोंग काकूंचा आवाज आला, "ऐकू नकोस गं त्याचं! त्याला काय कळतं? रुंद कर. अजून दोन बोटं रुंद कर!"

"तू बघितलंस तरी का काय आहे ते?"

"न बघताच सांगते!"

काका कानापर्यंत लाल झाले. वाडगा दोन बोटं वाढला.

पहिलं भांडं माझ्या घाईनं गेलं. लवकर वाळावं म्हणून मी उन्हात ठेवलं आणि ते मधोमध चिरलं. दुसरं काकांनी माझ्या हाती दिलंच नाही. सावलीत, पेंढ्याखाली, बारा दिवस. मग रांजणांच्या रांगेत भट्टीत गेलं आणि तपकिरी चकाकी घेऊन बाहेर आलं. किंचित डावीकडे कललेलं. मी काळजीत पडले, तर काका म्हणाले, "म्हातारीचा भार डाव्या पायावरच असतो ना? मग बरोबर आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. मी त्यांना कोणासाठी ते सांगितलंच नव्हतं.

"अगं, तालुक्याच्या साहेबांची उजवी टाच काही उंच लागत नाही," ते म्हणाले.

बसवायचं कसं, हा प्रश्न उरला. गवंडीकाका येणार, फोडाफोड होणार, सासूबाई विचारणार. पण त्या आठवड्यात त्यांनीच जेवताना जाहीर केलं, "उद्या मी झोंगची पानं तोडायला पलीकडच्या ओढ्याला चालले. शेजारणीच्या बैलगाडीनं. दिवसभर नाही यायची." आणि जरा मोठ्यानं, मी बहिरी असल्यासारखं, "दिवसभर!"

मी मनात म्हटलं, चला, देव पावला.

गवंडीकाकांनी जुनं भांडं काढलं, नवं उलटं बसवलं: वाडगा दाराकडे, भोक भिंतीकडे. नळीला बांबूचा तुकडा जोडून रांजणापर्यंत नेली. उजव्या पावलाखाली मी सांगितलं तसा टाचेला उंचवटा केला. डाव्या हाताला भिंतीत जाड बांबू बसवला, धरून उठायला. "हे कुणाला?" त्यांनी विचारलं. "मलाच," मी म्हटलं. त्यांनी माझ्या धडधाकट गुडघ्यांकडे बघितलं आणि सिमेंट कालवत राहिले. कप्प्यातली सगळी पेज त्यांनीच उपसली, त्याबद्दल मी त्यांना दोन कोंबड्या देणार होते. त्यांनी एकच घेतली.

संध्याकाळी सासूबाई पानांचा भारा घेऊन आल्या.

"गवंडीकाकांनी आधी उलटं बसवलं होतं हो, आई," मी म्हटलं. "म्हणून बदललं."

"हं," त्या म्हणाल्या आणि पानं पाण्यात बुडवायला लागल्या.

खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. भिंतीकडे तोंड करून बसताना पाठीवर सारखं कोणीतरी आल्यासारखं वाटायचं. आता समोर दार, फटीतून अंगण दिसतं, निंग कोंबड्यांमागे पळताना दिसते.

मी रोज घरामागे जाऊन झाकण उघडायचे. पहिला दिवस कोरडा. तिसरा कोरडा. आठव्या दिवशी मी हात घालून राख चिमटीत घेतली. बोटांना नुसती धूळ लागली. रांजण मात्र भराभर भरत होता. पाच वाट्या पाणी घालून मी ते दोडक्याच्या वेलाला घातलं, आणि वेल असा माजला की कोंबड्यांच्या खुराड्यावर चढला. उदबत्त्या पाचाच्या तीन झाल्या, तिनाच्या एक. दुपारचा पेला रोज सुलटा. खोकला मात्र तसाच. मी काढा करत राहिले. बंद केला असता तर संशय आला असता.

पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस उजाडला. थोरल्या नणंदबाई तालुक्याहून आल्या, त्यांचे यजमान, मुलं, शेजारची दोन घरं. दारावर नागदवण्याच्या जुड्या टांगल्या होत्या. सासूबाईंनी पूर्वजांपुढे कोंबडी, दारूचे तीन पेले आणि झोंगची परात मांडली, एक उदबत्ती लावली आणि हात जोडून उभ्या राहिल्या. मग मान वर केली. नाक फुगवलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मी हातातले वाडगे खाली ठेवले.

"निंगच्या आई," त्या म्हणाल्या.

"हो, आई?"

"पोरं भुकेली आहेत. वाढ."

एवढंच. हातोड्याचं नाव नाही. मी वाडगे उचलून वाढायला वळले.

जेवताना नणंदबाईंनी पान सोडून झोंग सोलला. "आई, यंदा फिका झालाय गं. दरवर्षी कसा मधासारखा असतो."

"राख कमी पडली," सासूबाई म्हणाल्या आणि गुळाचा पाक पुढे सरकवला. मी मान खाली घालून निंगला भरवत राहिले.

जेवणानंतर नणंदबाईंना जायचं होतं. मागच्या दारातून त्यांनी खालच्या पायऱ्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या टाचेच्या बुटांकडे. "वहिनी, ते तुमचं राखेचं भांडं बघू का? पण मला काही जमायचं नाही बाई. आमच्याकडे साखळी ओढली की झालं. हे म्हणजे काय, एकीकडे बघायचं, दुसरीकडे नेम धरायचा..."

"नेम कसला धरायचा?" सासूबाई ओसरीवरून कडाडल्या. "एवढं साधं आहे! आत गेलं की दाराकडे तोंड करायचं. डावा हात बांबूला. पाय दिलेल्या जागी ठेवायचे, उजवी टाच उंचवट्यावर, म्हणजे गुडघ्याला कळ येत नाही. मग निवांत. झालं की वाटीभर राख, मागच्या भोकात; पुढे टाकायची नाही, नळी तुंबते. कागद टोपलीत. आणि उठताना घाई करायची नाही!"

ओसरीवर शेजारचे आजोबा पाइप ओढायचे थांबले.

"तू तर पाऊल टाकणार नव्हतीस ना, आई?" नणंदबाई हळूच म्हणाल्या.

सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. मग त्यांनी तोंडावर मूठ धरली आणि खोकल्या. "खुक्, खुक्."

निंगला तो खोकला ओळखीचा. ती आनंदानं उठली, संडासाच्या दाराकडे पळाली आणि दारावर थापा मारत ओरडली, "आजी! आजी आत!"

हसता हसता आजोबांचा पाइप खाली पडला. नणंदबाईंना तर आत जायची इतकी घाई झाली की बूट काढायचेही राहिले. सासूबाई मात्र ताठ बसून होत्या, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. संध्याकाळपर्यंत आलेली प्रत्येक बाई एकदा आत जाऊन आली, आणि बाहेर येताना प्रत्येकीनं मला अडवून कानात विचारलं, आमच्याकडे कधी बसवून देशील? मोंग काकूंनी तर दारातूनच ओरडून सांगितलं की दोन बोटं त्यांची आहेत.

पाहुणे गेले. निंग माझ्या पाठीवर झोपली. मी चुलीपाशी वाडगे घासत होते, सासूबाई उरलेली पानं पुसून दोऱ्यात बांधत होत्या. आता बोलावं असं मला वाटलं. राखेबद्दल तरी कबूल करावं.

"आई, तुमच्या बरणीतली राख... दोन वाट्या..."

"चार," त्या म्हणाल्या. "दोनदा काढलीस."

मी घासायची थांबले.

"माझी राख मला ओळखता येत नाही होय? तीनदा गाळते मी. पहिल्या दिवशी आत पाय टाकला तेव्हाच तळव्याला कळलं." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "मनात म्हटलं, पोरगी मापं घेतेय. घेऊ दे. म्हणून दुसऱ्या दिवशी नीट उभी राहिले. बोटं सुटी करून. नाहीतर भलत्याच जागी भोक पाडलं असतंस."

निंगच्या श्वासाची ऊब माझ्या मानेवर येत होती.

"आणि ओढ्याला दिवसभर..."

"पानं इथं परसातही होती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पेला माझ्यापुढे सरकवला, रिकामा, सुलटा. मी किटली उचलली. चहा ओतेपर्यंत त्या निंगच्या लोंबणाऱ्या पायाचा तळवा हातात घेऊन बसल्या होत्या.

"चहाच ओत," त्या म्हणाल्या. "तो आल्याचा काढा आता बंद कर. दोन महिने झाले, आतडी जळून गेली माझी."